मालकाची राख, अर्नीचं यंत्र

आइस हॉकीच्या रिंकवरचा बर्फ खरवडायचं यंत्र चालवण्यात अर्नी कोवालचुकची उभी हयात गेली. गावाची हॉकी टीम ज्याने नावारूपाला आणली आणि मग टेक्सासला विकून टाकली, तो मालक वारला. त्याच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे त्याची राख रिंकच्या बर्फात गोठवली.

"आता खरवडू कसा?" अर्नीने बायकोला विचारलं.

"टीम विकताना त्याने तुला विचारलं होतं?" डोरीन करवादली.

"अगं, पण बाबांच्या मयताला त्यानेच खांदा दिला!"

"आणि अख्ख्या गावाच्या पाठीत सुरा कोणी खुपसला?"

शनिवारी पोरांची मॅच होती. अर्नीने मालकाला कचकचीत शिवी हासडली, टोपी काढली आणि यंत्र सुरू केलं. खरवडलेला बर्फ तो नेहमी मागच्या आवारात ओतायचा. आज मात्र भरलेलं यंत्र घेऊन तो आवारभर नुसता फिरत राहिला.