कवळीमास्तरांचं ठिगळ

नमस्काराच्या आधी आमचे कवळीमास्तर समोरच्याच्या दातांकडे बघत. "जरा हसा बघू," म्हणत. एकदा मयताच्या घरी समाचाराला गेले असतानाही त्यांनी हेच म्हटलं होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

कर्जतला मी कंपाउंडर होतो त्या दवाखान्याशेजारी त्यांची कवळ्या बनवायची खोली होती. लढाईत ते लष्करी इस्पितळात होते. कवळीच्याच ॲक्रिलिकची ठिगळं फुटक्या कवट्यांना केली, असं सांगत. कर्जतात कोणाला ते खरं वाटत नसे. मलाही नाही.

मग खालापूरकडचा एक शेतकरी म्हाताऱ्या बापाबरोबर त्यांच्याकडे आला. लाकडांच्या गाडीवरून पडून त्याची कवटी फुटली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी हाडाचे तुकडे काढून जीव वाचवला, पण टाळूजवळ पुरीएवढी जागा बिनहाडाची राहिली. तिथे पुन्हा टोला बसला तर संपलंच, म्हणून तो पागोट्याखाली करवंटी बांधून शेतात जाई. हे डॉक्टर मास्तरांना लढाईपासून ओळखत. ठिगळ तुम्ही करा, बसवतो मी, असं त्यांनी कळवलं होतं.

साचा घ्यायला आधी हजामत हवी. पण बाप जिवंत असताना लेकाने गोटा करायचा कसा? मास्तरांचाही बाप हयात होता, त्यांना ते लगेच पटलं. तेल लावून, केस चापून त्यांनी वर प्लास्टर थापलं. ठिगळ सुरेख झालं आणि उलट टपाली परत आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, हे हाडावर बसवायचं आहे, केसांवर नव्हे.

मास्तर दोन दिवस कोणाला हसायला सांगेनात.

शेवटी म्हाताऱ्यानेच न्हावी बोलावला आणि लेकासमोर बसला. "काढ रं. मी मेलो नाय ते मी सांगन सगल्यांना."

सांगावं लागलंच. लेकाचा गोटा बघून गावातले लोक समाचाराला आले. म्हाताऱ्याने स्वतः दार उघडून त्यांना चहा पाजला.

दुसरं ठिगळ चपखल बसलं. डॉक्टरांचं नाव झालं. मास्तरांचं सगळ्यात चांगलं काम कातड्याखाली गेलं, वर केस उगवले. दाखवणार काय आणि कोणाला? मला तेव्हा त्याचं हसू येई. आता येत नाही.

दोनेक वर्षांनी मास्तर अंथरुणाला खिळले, डोळ्यांनीही दिसेना. तो शेतकरी भेटायला आला, पागोटं काढून खाटेशी वाकला. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देताहेत असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांची बोटं मात्र केसांतून सावकाश फिरत होती, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"कड कुठं लागत नाय रं," ते म्हणाले.

"नाय लागत, मास्तर."

तरी त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.