मंजीचा चिंचोका

गेल्या सोमवारी आमचं गाव रिकामं झालं. आधी उंदीर पडू लागले, मागोमाग माणसं… आणि पाटलांनी दवंडी दिली की उजाडायच्या आत सगळ्यांनी माळावर जायचं. कर्जतच्या या बाजूला हल्ली असंच चाललंय. घरांना कड्या, आणि माणसं पेंढ्याच्या खोपटांत.

माझे यजमान इथल्या शाळेत मास्तर. मोठी मुलं त्यांच्याकडे, आणि चिल्लीपिल्ली ओसरीवर माझ्याकडे… ती आत बसली की मोठ्यांचा धडा होत नाही, म्हणून मी सांभाळते.

ही पोरं येतात तीच उजळणी घोकत. भागीची लेक ठकी तर तीसपर्यंत एका दमात म्हणायची. पण तिला म्हटलं, जा, दोन पानं आण… तर मूठभर घेऊन यायची!

तेव्हा मी आकडे बाजूला ठेवले. परडीत पोरांइतकेच चिंचोके ठेवायचे आणि एकेकाला एकेक वाटायला लावायचं. कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी, कोणाला मिळालाच नाही… एवढंच. यजमान हसायचे. "याला गणित म्हणायचं होय?"

या महिन्यात परडी हलकी होत गेली. काही पोरं आजोळी पाठवली, काही… गेली. दर वेळी एकेक चिंचोका मीच काढून ठेवत होते.

माळावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बायका चुली मांडत होत्या, पुरुष खोपटांचे कूड बांधत होते, पोरं किरकिरत होती. यजमान औषधासाठी कर्जतला गेलेले. मी पोरांना आंब्याखाली बसवलं आणि ठकीच्या हातात परडी दिली. म्हटलं, वाट गं. तेवढीच गप्प बसतील…

वाटून झाल्यावर ती माझ्यापाशी आली. "बाई, ह्यो कोनाचा?"

तिच्या हातात एक चिंचोका. मी म्हटलं, कोणाला तरी विसरलीस, परत वाट. तिनं सगळे गोळा केले, पुन्हा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवले. पुन्हा एक उरला. मी वैतागलेच होते… इतक्यात पोरांची तोंडं बघत ती म्हणाली, "मंजीचा हाय. मंजी नाय हितं."

मी एकेका पोराचं तोंड बघितलं; मंजी नव्हतीच.

मंजी ठकीपेक्षाही लहान. बाप पूर्वीच गेलेला, आणि आई आदल्या शुक्रवारी काखेत प्लेगची गाठ येऊन गेली. मी धावत तिच्या काकाला गाठलं. तो म्हणाला, "मामीच्या गाडीत हाय ना ती?" मामी म्हणाली, "आमच्यात? नाय बाय. काकानं नेली आसंल."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं… मला अजून कळलेलं नाही. प्लेगच्या घरातलं पोर. त्यांच्या घरातही पोरं होतीच.

पाटील म्हणाले, "आता गावात कोनी जायाचं नाय. जो जाईल त्यानं परत हितं यायाचं नाय." ते तरी दुसरं काय म्हणणार? मी उठले. भागीनं ठकीला शेजारणीच्या हवाली केलं आणि ती माझ्यामागे आली. म्हणाली, "चला बाई. इचार करत बसलो तर पाय उचलायचा नाय."

रिकाम्या गावात आपल्याच पावलांचा आवाज नकोसा होतो. एका अंगणात तुळशीला पाणी घातलेलं, माती अजून ओली होती. मागं राहिलेली कुत्री शेपट्या हलवत आमच्यामागे लागली. मंजीच्या घरी कोणी नव्हतं. हाका मारल्या, गोठे बघितले, विहिरीत वाकून पाहिलं…

ती होती शाळेच्या ओसरीवर. आपल्या रोजच्या जागी. भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले.

"आज कोनीच आलं नाय," ती म्हणाली.

उचलली तर अंग नुसतं भाजत होतं. काखेला हात लागताच किंचाळली. भागीनं हळूच चाचपून पाहिलं… गाठ होती.

आम्ही माळावर परतलो नाही. माळाच्या वाटेवर ओढा आहे, त्याच्या अलीकडेच थांबलो. यजमान आले, लांबूनच चार शब्द बोलले, मग खोपटासाठी वासे आणि पेंढा आणून टाकला. मंजीचा काका पेजेचं मडकं दगडावर ठेवून जायचा. एकदा तिथंच उभा राहून, तोंडावर पंचा धरून रडला. पुढे आला नाही. मीही बोलावलं नाही.

मंजीला आम्ही वाचवू शकलो नाही. बुधवारी दिवेलागणीला ती गेली. शेवटी शेवटी तिला माणूस ओळखू येत नव्हतं. भागीला ती "आये" म्हणायची, आणि भागी तिचे केस मागे सारत म्हणत राहिली, "हाय गं, हितंच हाय…"

आम्ही दोघी अजून ओढ्याच्या अलीकडेच आहोत. ताप आलेला नाही; आणखी आठवडाभर आला नाही तर परत घेऊ, असा पाटलांनी निरोप पाठवलाय. ठकी पलीकडून ओरडून विचारते, "आये, कवा येशील?" भागी म्हणते, "येते गं." मग तिच्याकडे पाठ करून बसते.

कोणी म्हणेल, पोर शेवटी गेलीच, मग काय मिळवलंत? मला एवढंच कळतं, की त्या ओसरीवर ती एकटी मेली असती आणि आम्हा मोठ्यांपैकी एकालाही पत्ता लागला नसता…

माळावर परत घेतील तेव्हा ठकीला जवळ घेऊन सांगायचंय… पोरी, तुझ्यामुळं मंजी कोणाच्या तरी मांडीवर गेली.