मोर्चाच्या दिवशी दुखलं नाही

मोर्चाच्या दिवशीच माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आतडं अडकलं तर जीव जाईल, असं परळच्या इस्पितळातल्या सर्जननी बजावलं होतं. तरी लालबागच्या आमच्या चाळीतला दोस्त म्हणालाच, "पकडापकडीच्या मुहूर्तावर बरं रे तुझं आतडं उतरलं." मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून तुरुंगात जा, असं पत्रकांतून लोकांना सांगणारा मी. त्याचं ते वाक्य ऑपरेशनच्या टेबलावरही मला सोडेना.

मी जागाच होतो. सर्जननी सुईनं तेवढीच जागा बधिर केली होती. टाके घालण्याआधी त्यांनी जखमेच्या कडांत पुन्हा औषध सोडलं. "आता काही तास दुखणार नाही. म्हणून बरा झालास असं समजू नकोस. पडून राहायचं."

दुपारी रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. आई चहा आणायला गेली होती. मी उठलो. पोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं गप्प होतं. गॅलरीत गेलो, कठडा धरला आणि मूठ उंचावून ओरडलो. मी पळालेलो नाही, एवढंच त्यांना दिसायला हवं होतं.

खाली मोर्चात चालणाऱ्या दोस्तानं वर पाहिलं. "काय रे, ठणठणीत आहेस की! सासुरवाडीला आलास काय?" आजूबाजूचे हसले. सदरा वर करून पट्टी दाखवावी असं वाटलं. "संध्याकाळी येतो तुझं दुखणं बघायला," असं ओरडून तो पुढे गेलाही.

संध्याकाळी औषध उतरलं. साधा खोकला आला तरी टाके उसवल्यासारखी कळ यायची. सिस्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन आल्या. मी म्हटलं, थोड्या वेळानं द्या. भेटीची वेळ चालू होती. माझी नजर दारावर होती.

आईनं ते ओळखलं. "दुखता ना? मगे सुई घे. कोणाक दाखवूक राखून ठेवलंस?"

मी तोंड फिरवलं.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा भाऊ आमच्याच चाळीतला; तो आला तोच बातमी घेऊन. पुढच्या नाक्यावर पोलिसांनी गाड्या आडव्या घातल्या आणि लालबागची सगळी पोरं उचलली. माझ्या दोस्ताला त्यानं स्वतः गाडीत चढताना पाहिलं होतं.

म्हणजे तो येणार नव्हता. कोठडीत आज माझ्याबद्दल काय बोलणं होईल, ते मला इथं पडल्या पडल्या ऐकू येत होतं.

मी आईला म्हटलं, सिस्टरना बोलाव.