बदललेल्या इंजिनाची ठिणगी

सोसायटीची नोटीस साधी होती. पार्किंगमध्ये नव्या लाद्या बसवायच्या आहेत. बंद गाड्या रविवारपर्यंत हलवाव्यात, नाहीतर भंगारवाला उचलून नेईल. अशी बंद गाडी आमच्या इमारतीत एकच होती, माझ्या यजमानांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. ते जाऊन आठ महिने झाले होते. गाडीचं इंजिन त्यांच्या आधी वर्षभर जाम होऊन पडलं होतं.

इंजिन बदलायचं मीच ठरवलं. डोंबिवलीचे मिस्त्री म्हणजे यांचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांनी शीळफाट्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्याच मॉडेलचं इंजिन शोधून आणलं. जुनं इंजिन उतरवलंच आहे तर गाडीचा सांगाडा रंगवून घेऊ, हेही माझंच म्हणणं. यांनी जिथे गंज दिसेल तिथे हाताने ब्रश मारून त्या गाडीवर काळ्या रंगाची ठिगळं लावून ठेवली होती. मला ती एकदा तरी सगळी नीट हवी होती. खोपटच्या एसटी डेपोमागच्या रंगाऱ्याला मी बजावून सांगितलं, "एकही जागा सोडू नका. बोल्टच्या खालीसुद्धा गंज राहता कामा नये."

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी इंजिन बसवलं, वायरी जोडल्या, हँडलला हार घातला, नारळ फोडला आणि मला किक मारायला सांगितली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी दहाबारा किका मारल्या. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं.

"स्पार्क बघू," ते म्हणाले. त्यांनी प्लग काढला, त्याला वायरची टोपी लावली आणि त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरलं. "वहिनी, छत्री आणा. उजेडात ठिणगी दिसत नाही."

मग भर उन्हात, पार्किंगच्या तोंडाशी, छत्रीखाली आम्ही दोघं त्या प्लगकडे डोळे लावून बसलो. मी वाकून हातानेच किक दाबत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "पाऊस आहे का गं खाली?"

"लग्न लावतोय, काकू," मिस्त्री म्हणाले. "नवरी बोलत नाहीये."

ठिणगी नव्हती. नवा प्लग लावला, तरी नाही. यांनी सीटखाली ठिणगी तोडणारा एक चोर स्विच बसवला होता, तो मला आठवला. मिस्त्रींनी त्याची वायर तोडली. "याने चोरासाठी बसवलेला. चोर कधी आलाच नाही, अडकलो आपण." तरी ठिणगी नाही.

मिस्त्री स्वतः तसल्याच मोटरसायकलवर, घरून दुसऱ्याकडून किक मारून घेऊन आलेले. त्यांनी आपल्या गाडीचा सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा काळा डबा, काढून आमच्या गाडीला लावला. काही नाही. मग मला सुचलं ते मी बोलले: "आता आमचा तुमच्या गाडीला लावा." त्यांनी लावला, आणि त्यांची गाडी माझ्या पहिल्या किकला सुरू झाली. म्हणजे आमचा डबा चांगला होता. मला फार दिवसांनी कशाची तरी घाई वाटू लागली. ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी आमची इग्निशन कॉइलही त्यांच्या गाडीवर लावून पाहिली. तीही चांगली. इंजिनाच्या आतल्या कॉइली मीटरने तपासल्या, आकडे बरोबर. वायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासल्या, कुठे तुटलेल्या नाहीत.

मिस्त्रींनी हात पुसले. चहा घेताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, सगळं करून झालं. उद्या जाऊ दे हिला. तो असता तरी हेच म्हणाला असता."

तो असता तर काय म्हणाला असता, हे गेले आठ महिने मला सगळेच सांगत होते. मी पेन घेतलं. नोटिशीच्या मागच्या बाजूला चित्र काढत बसले: इंजिन, डबा, कॉइल, प्लग. मी शाळेत वर्षानुवर्षं नववीला विज्ञान शिकवलं आहे. प्रत्येक वस्तू चांगली, प्रत्येक वायर चांगली. चित्रात बाण प्लगपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो परत कुठून येणार? मोटरसायकलमध्ये परतीची वेगळी वायर नसते, गाडीचं लोखंडच ते काम करतं.

मी उठून कॉइलचा बोल्ट सैल करून पाहिला. डब्याची अर्थची, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडायची वायरही त्याच बोल्टखाली होती. बोल्टखाली गुळगुळीत, चकचकीत काळा रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही. रंगाऱ्याने एकही जागा सोडली नव्हती.

आधी मला लाज वाटली. मग लगेच इतका आनंद झाला की हातातला कप कुठे ठेवला ते कळलं नाही.

"एक वायरचा तुकडा द्या," मी म्हणाले. एक टोक कॉइलच्या बोल्टला, दुसरं इंजिनाला. मिस्त्रींनी प्लग धरला, छत्री धरली. मी किक दाबली.

टक्. निळी, बारीक, टाचणीच्या टोकाएवढी.

मिस्त्रींनी छत्री आणखी खाली ओढली. "परत मारा."

टक्.

"परत."

आम्ही ती किती वेळा पाहिली कोण जाणे. गरज एकदाच होती.

मग त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिला. "घासा आता, बाई. तुम्हीच सांगितलेलं ना, बोल्टच्या खालीसुद्धा?" कॉइलच्या बोल्टखालची आणि इंजिन सांगाड्याला टेकतं ती, अशा दोन्ही जागा मी लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासल्या. नवा रंग खरवडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. पार्किंग निळ्या धुराने भरलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी बंद गाड्यांची यादी घेऊन खाली आले.

"सुरू झाली हे ऐकलं मी," ते मोठ्याने म्हणाले. "पण चालते का? उद्या कोणी माझ्याशी वाद घालायला नको. गेटपर्यंत नेऊन दाखवा."

मिस्त्री पुढे झाले. "मी नेते," मी म्हणाले. लग्नानंतर यांनी मला याच गाडीवर गिअर शिकवले होते, कल्याणला माझ्या माहेरच्या गल्लीत. त्यानंतर मी कायम मागेच बसले.

"क्लच हळू सोडा, वहिनी."

गाडी निघाली. गेटजवळ माझा क्लच पटकन सुटला, गाडीने हिसका दिला आणि ती बंद पडली. मागे वळून पाहिलं तर सेक्रेटरींनी पेन काढलं होतं. सकाळची मी असते तर तिथेच उतरले असते. आता मला आत काय चाललं आहे ते ठाऊक होतं. न्यूट्रल केलं, किक मारली. पहिल्याच किकला सुरू. वळवून परत आणली.

सेक्रेटरींनी धूर हाताने बाजूला सारत यादीतून आमच्या गाडीचा नंबर खोडला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण लाद्या बसेपर्यंत बाहेर लावा, बाई."