नागनाथची चूक नव्हती

माझ्या नातीनं ज्याला ठोकलं, तो पोरगा जाऊन आज वर्ष झालं.

घाबरू नका. ठोकलं ते कम्प्युटरवरच्या रेसमध्ये. गेला तो काविळीनं.

तरी माझ्या डोक्यातला गुंता काय सुटंना, म्हणून सांगतीय. मला अक्षर येत न्हाय. बोलणार मी, टाइप करणार तीच नात. शिवलीला.

"आजी, माझं नाव नको ना."

लिही म्हणलं ना. ठोकताना लाज वाटली न्हाय, लिहिताना बरी वाटतीय.

उमरग्यात आमच्या घरी टेबलाला एक स्टेअरिंग आवळून बसवलंय. खाली ब्रेक बी हाय. गाडी तेवढी न्हाय. पोरगी त्याच्यापुढं बसून घामाघूम व्हायची. मी विचारायची, "पोचलीस का गं कुठं?"

तिच्यासंगं ऑनलाइन रेस खेळायचा नागनाथ. माकणीचा. लोहाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता, तिथल्याच कम्प्युटरवर खेळायचा.

दोघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं न्हाय. पण स्पीकरवरनं भांडण रोजचं.

"लीला, दम धर की जरा! एसटी सुटायलीय का तुझी?"

मी भाकरी थापता थापता हसायची.

मग त्यांच्या लीगची शेवटची रेस आली. शेवटचा राउंड. नागनाथ पुढं, ही मागं. वळणावर हिनं गाडी आत घुसवली. त्याची गाडी पलट्या खात वाळूत.

ही पहिली आली.

त्यांच्यात पंच असतात. व्हिडिओ मागं-पुढं करून चूक कुणाची ते ठरवतात. पंच म्हणले, चूक दोघांची अर्धी अर्धी दिसतीय, नीट कळंना.

तेवढ्यात नागनाथच बोलला.

"माझीच चूक हाय. आरशात बघितलं न्हाय, तिच्या अंगावर वळलो. ट्रॉफी तिला द्या."

ही गप्प बसली.

ट्रॉफी घरी आली. पेढे बी वाटले आम्ही.

पंधरा दिवसांत मेसेज आला, नागनाथ गेला.

ही जेवंना. स्टेअरिंगवर चादर टाकली. दोन दिवसांनी तोंड उघडलं.

"आजी, ब्रेक म्याच उशिरा लावला. मला तवाच माहीत होतं."

मला काय उमगंना. रक्त न्हाय, पत्रा चेपला न्हाय, दोघं आपापल्या खुर्चीत बसलेले. मग रडायचं कशाला?

पण कुणाच्या शेळीला गाडी लागली तरी आपण त्या घरी जाऊन सांगतो. म्हणलं, चल.

एसटीनं लोहारा, तिथनं जीपनं माकणी. घरात बाया सतरंजीवर बसलेल्या. मला आडपडदा जमत न्हाय. नागनाथच्या आईपुढं बसले आन सांगून टाकलं.

"बाई, माझ्या नातीनं तुमच्या नागनाथला ठोकलं. माफी मागाया आणलंय तिला."



नागनाथचा चुलता उठला. "कुठं ठोकलं? गाडी कोणची?"

"लाल," मी म्हणलं.

"आन त्याची?"

"त्याची पलट्या खाऊन वाळूत गेली."

कोपऱ्यातल्या एका बाईनं हंबरडाच फोडला.

नागनाथची आई तेवढी शांत होती. म्हणली, "आक्का, घर चुकलं तुमचं. माझ्या लेकाकडं सायकल बी नव्हती."



शिवलीलानं मोबाइल काढला. रेस दाखवली. मग पंचांपुढचं ते नागनाथचं बोलणं लागलं. "माझीच चूक हाय..."

त्याची आई पुढं सरकली.

"परत लाव."

परत लावलं.

"मावशी, तो खोटं बोलला. चूक माझी व्हती, म्या ब्रेक..."

"गप गं. बोलू दे त्याला."

पाच-सहा वेळा ऐकलं तिनं. मग पदरानं मोबाइलची काच पुसली आन चक्क हसली.

"घरात बशी फुटली तरी मांजराचं नाव सांगायचा ह्यो. जल्मात कधी चूक कबूल केली न्हाय. शेवटी तरी शिकला बघा माझा लेक."

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं.

त्याच्या आईनं तो आवाज आपल्या मोबाइलवर मागून घेतला. आमी चहा पिऊन निघालो. माफी नेली तशी परत आणली.

पंचांना हिनं पुढं सगळं खरं सांगितलं. त्यांनी नागनाथला पहिला केला. ट्रॉफी त्याची झाली.

पण ती माकणीला न्यायची, तर त्याच्या आईला काय सांगून द्यायची? चूक त्याची नव्हतीच म्हणून? मग तिचा लेक शेवटी शिकला ते काय?

कदाचित त्याला खरंच आपलीच चूक वाटली असंल. अंगात ताप होता म्हणे त्या दिवशी. का मुद्दामच जिंकू दिलं हिला? का खोटं बोलायची सवयच होती आन ह्या वेळी मांजर सापडलं न्हाय?

मला न्हाय कळत. हिला बी न्हाय कळत. टाइप करता करता डोळे पुसतीय, शब्द चुकले तर तिचे धरा.

आज सकाळी त्याच्या आईचा फोन आला. "आज परत ऐकला गं त्याचा आवाज." ही नुसती "व्हय मावशी, व्हय मावशी" करत राहिली.

माकणीचं कुणी हे वाचत असंल, तर त्या माउलीला सांगायचं का न्हाय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वर्षभर ठरवतीय.

नागनाथ, लेकरा, चूक तुझी नव्हती. जिची होती तिनंच आज हे तिच्या बोटांनी लिहिलंय.

पण तू शेवटी शिकलास, असंच तुझ्या आईला वाटू द्यावं का, तेवढं सांगून जायचं होतंस रे.

ट्रॉफी आमच्याकडं हाय. तुझीच हाय.

शरणार्थ, बाळा. आमा दोघींचा हात जोडून नमस्कार.