ओळखीचे आवाज

इंदूवन्सं गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, दाखवलं. मी पेडण्याला माहेरी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. सकाळी आदोळीवर नारळ खवत बसले असताना फोन वाजला. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला होता. चटईवर निजवलेल्या वन्सं, नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेलं फडकं, आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची लांबलचक रांग. ज्या बाईने जन्मभर कोणाचं एक वाक्य इकडचं तिकडे केलं नाही, तिचं प्रेत आंघोळ घालायच्या आधीच दुबई-मस्कतपर्यंत फिरून आलं होतं. मी फोन उचलला आणि न्हाणीच्या भिंतीवर आपटला. काच तडकली. फोटो मात्र तसाच दिसत राहिला… भाची घाबरून धावत आली, आणि तिला काय झालं ते सांगताना मला रडू फुटलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. डिचोलीजवळच्या आमच्या गावात छोटंसं टेलिफोन एक्स्चेंज होतं, तिथे त्या ऑपरेटर होत्या. गोवा घटकराज्य होण्याच्या आधीचे दिवस. फोन खाणींच्या ऑफिसांत, डॉक्टरांकडे, ट्रकमालकांकडे आणि मोजक्या दुकानांत. कोणीही रिसीव्हर उचलला की पहिला आवाज वन्संचा, "नंबर?" त्या बोर्डावरच्या भोकात वायरीची पिन खुपसायच्या, दोघांची गाठ पडली की नाही एवढं क्षणभर ऐकायच्या आणि आपल्या बाजूची कळ बंद करायच्या. पण हे गावाला कधी पटलं नाही. ऑपरेटर सगळं ऐकते, हे लोक धरूनच चालायचे. बोलता बोलता मधेच, "इंदू, ऐकतंस मा? आवशीक सांग, उद्या कुळीथ पाठवतंय," असे निरोप सोडायचे. ते निरोप घरी कधीच पोचायचे नाहीत. मग सासूबाई खवळायच्या. वन्संचं उत्तर एकच, "माका काय ऐकूक येणा नाय." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नवी नवरी असल्यापासून मी त्यांच्या मागे लागायचे, अमकीच्या लग्नाचं कुठवर आलं, तमक्याच्या पोराचं काय झालं. त्या पानातला मासा निवडत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत.

असं वागणं त्या काही आईच्या पोटातून शिकून आल्या नव्हत्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक जुना ऑपरेटर बसायचा. कान लांब आणि जीभ त्याहून लांब. सर्वणची एक बाई एकदा एक्स्चेंजमध्ये येऊन सावंतवाडीला भावाशी बोलली. "मला घेऊन जा, हा मला मारून टाकील." फोन वन्संनी जोडून दिला, ऐकला मात्र शेजारच्याने. संध्याकाळी ताव्हेर्नात दारू पिताना त्याने तो गमतीने सांगितला, नकला करून. दुसऱ्या दिवशी भाऊ पोचायच्या आत नवऱ्याने त्या बाईला केस धरून काजूच्या बागेतून फरफटत नेली आणि कोयत्याच्या पाठीने तिच्या डोक्यात घाव घातले. जीव वाचला, पण एक कान गेला आणि जबडा कायमचा वाकडा झाला. वन्सं तिला बघून हॉस्पिटलातून आल्या त्या थेट मागच्या दारी जाऊन ओकल्या. मग चूळ भरून मला म्हणाल्या, "घोवान नाय मारल्यान गो तिका. आमच्या मेजार मारली तिका." तेव्हापासून त्यांची ती सवय. जवळपास कोणी फोनवर बोलायला लागलं की त्या उठायच्या, नळ सोडायच्या, नाहीतर सरळ बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. पुढे आमच्या घरी फोन आला, तेव्हा या सवयीपायी पाण्याची टाकी रिकामी व्हायची आणि मी चिडायचे.

मग राजभाषेच्या आंदोलनाचे दिवस आले, राज्याची भाषा कोकणी की मराठी. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको. रस्त्यावर तोडून टाकलेली झाडं, जळके टायर, दगड. आमचे हे तेव्हा सुर्ल्याहून खनिजाचा ट्रक चालवायचे. एके दिवशी समोरची काच फुटून कपाळात घुसली, आणि तसेच रक्ताळलेले घरी आले. त्याच आठवड्यात गावाच्या वळणावर एक गाडी जाळली गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी काही पोरांना घरात शिरून उचललं आणि असं बडवलं की त्यांना चालत परत येता आलं नाही. पोलिसांना नावं कोणीतरी फोनवरून सांगितली, अशी बोलवा उठली. आणि गावातून कुठेही फोन करायचा म्हणजे तो वन्संच्या हातून जाणार.

मी दुपारी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. दाराला लाथ बसली आणि सात-आठ जण आत शिरले. तोंडाला टॉवेल बांधलेले, नुसते डोळे दिसत होते. ते कुठल्या बाजूचे होते, हे मी लिहिणार नाही. वन्संनीही कधी सांगितलं नाही, आणि त्या दिवसांत दोन्ही बाजू एकाच बोलीत शिव्या घालत होत्या. पहिल्याने बोर्डातल्या वायरी मुठीत धरून आतडी ओढावीत तशा ओढल्या. दुसऱ्याने वन्संच्या डोक्यावरचा हेडफोन हिसकला, त्याबरोबर कानातली कुडी पाळी फाडून गेली. "कोणी फोन केल्यान ता सांग!" वन्सं उभ्या राहिल्या. मानेवरून रक्त ओघळत होतं. म्हणाल्या, "तुमच्यातलो कोण कोणाक फोन करता, ता पण मी आजपर्यंत कोणाक सांगूक नाय." हे ऐकून एक जण क्षणभर थबकला, मला दिसलं ते. पण दुसऱ्याने त्यांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि लोकांच्या वापरासाठी ठेवलेल्या काळ्या फोनचा जड रिसीव्हर उचलला. त्या रिसीव्हरने तो बोटांवर मारू लागला. दर घावाला विचारायचा, "कोणी?" आणि पुन्हा मारायचा. हाडांचा आवाज मी ऐकला. वन्सं ओरडत होत्या, नाव घेत नव्हत्या. मी एकाच्या दंडाला कडकडून चावले. त्याने पोटात लाथ घातली, आणि मी डब्यातल्या आमटीत जाऊन पडले. ते गेले तेव्हा वन्सं खुर्चीत बसून पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "सुमन, डॉक्टराक फोन लाव गो." दोघींनी एकदमच त्या फाटक्या बोर्डाकडे पाहिलं… आणि आम्ही हसलो. कशा हसलो, देव जाणे.

आता या घटनेतला खरा मूर्खपणा सांगते. जी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसते, जिने निम्म्या गावाचं तोंडही नीट पाहिलेलं नाही, पण ज्याचा त्याचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखते, तिच्यापुढे हे शहाणे तोंड झाकून बोंबलत आले होते! वन्संनी एकूणएक ओळखला होता. आमच्या ह्यांनाही ते माहीत होतं. डोक्याला पट्टी बांधून हे ट्रकची टॉमी हातात घेऊन वन्संच्या खाटेशी उभे राहिले. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी दांडी. "बाय, नावां सांग. एकेकाची हाडां मोडतंय." वन्सं भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आवाज माका ओळखूक येऊक नाय." ह्यांनी ती दांडी चौकटीवर इतक्या जोराने हाणली की लाकडाची ढलपी उडाली. तो खड्डा अजून आहे. दांडीही अजून दारामागेच आहे. हे आता गुडघ्यांनी थकलेत, पण त्या दांडीला गंज चढू देत नाहीत, दर पावसाळ्यानंतर तेल लावतात.

हाताचं प्लॅस्टर निघालं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. नवा बोर्ड आला, आणि वन्सं डाव्या हाताने पिना खुपसायला शिकल्या. "नंबर?" पुन्हा सुरू झालं. ते टॉवेलवालेही फोन करतच होते, त्यांना दुसरा रस्ता कुठे होता? एकदा जेवताना त्या आपणहून बोलल्या, जन्मात एकदाच. "तेंच्यातलो एक आज डॉक्टराक मागी होतो. झिलाक ताप चढलो हा म्हणी. रडत होतो." मुलाच्या तापापायी रडत होता तो! मी घास खाली ठेवला. "आणि तुम्ही?" "जोडून दिलंय." मी म्हटलं, मी असते तर वायर दातांनी तोडली असती. त्या म्हणाल्या, "म्हणान तर तुका तिथे बसवूक नाय." मला राग आला. अजूनही येतो. या बाईला सूड घ्यायची एवढी आयती संधी देवाने पिनेच्या टोकावर दिली आणि तिने ती भोकात खुपसून टाकली!

पुढे आपोआप नंबर लागणारं एक्स्चेंज आलं. ऑपरेटर बायका हळहळल्या, आमच्या वन्संनी पेढे वाटले. "आता मधे कोण नाय. बरां झाला." त्यांना यंत्राची भीती कधीच नव्हती, टीव्ही काय, कॉम्प्युटर काय, सगळ्याचं कौतुक. पण मोबाइल आला आणि माझा मुलगा पणजीहून आला की दोघांची जुंपायची. तो कॉम्प्युटरवाला. हा फोन आपण कुठे जातो, कोणाशी बोलतो, सगळं टिपून ठेवतो, असं तोच कौतुकाने सांगायचा. वन्सं विचारायच्या, "टिपून कोण ठेवता?" "यंत्र गो आते, माणूस नाय." "यंत्र कोणाचा?" तो हसायचा. एकदा वैतागून म्हणाला, "आते, लपवण्यासारख्या काय नसला तर भियाचा कित्याक?" वन्संनी ती वाकडी बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "लपवूक माझा स्वताचा काय होता रे?" त्यानंतर हा वाद आमच्या घरात कोणी काढला नाही. पोलिसांना तो फोन कोणी केला होता, की केलाच नव्हता, हे त्यांच्याबरोबर गेलं.

दिवसकार्याच्या आठवड्यात माणसांची रीघ लागली होती. हे पुढच्या पडवीत बसलेले, मी स्वयंपाकघरात चहाच्या आधणापाशी. एक म्हातारा आत आला. त्याचं गाव, त्याचा धंदा मी लिहीत नाही. अर्धा तालुका येऊन गेला, त्यातला एक समजा. तो दाराशी घुटमळला आणि म्हणाला, "वयनी, तेंनी कधी माझा नाव घेतल्यानी?" मला कळेना. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "रिसीव्हर माझ्या हातात होतो." आधण उकळत होतं. ते उचलून त्याच्या तोंडावर ओतावं असं मला खरंच वाटलं. तो बोलतच होता. "त्या वक्ता तोंड बांधलेला होता. तेंका कळूक नसतला. मागसून माझो झिल तापान फणफणलो, तेंनीच डॉक्टर जोडून दिल्यानी, म्हणान वाचलो. तेंका कळला असता तर…" मी म्हटलं, "तेंका त्याच दिसा कळला होता. आवाजावरसून." त्याने मान वर केली. आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. हाताला झिणझिण्या येईस्तोवर मारली. तो हलला नाही, गालाला हातही लावला नाही.

पडवीतून ह्यांचा आवाज आला, "काय पडला गो?"

दारामागे ती दांडी होती. ह्यांना नुसतं एक नाव पाहिजे होतं, इतकी वर्षं फक्त तेवढंच पाहिजे होतं. आणि माझ्या तोंडात, म्हटलं ना, तीळ भिजत नाही. तो म्हातारा माझ्याकडे बघत होता, मीही सांगेन असंच त्याला वाटत होतं, आणि बहुधा ते ऐकायलाच तो आला होता.

"टोप पडलो!" मी ओरडले.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला. "हां झिला, बोल…" माझा त्याच्यावरचा संताप अजून उतरला नव्हता. हात जळत होता. पण मी वळले, मोरीचा नळ पूर्ण सोडला आणि दार ओढून घेऊन मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.