आधी वल्ही, मग साखळी

पारूआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गॅसवर दूध ठेवून पेपर चाळत होते. धाकटा भाऊ दत्तू बोलत होता. "ताई, आक्का गेली," एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले, मी बोलेन म्हणून तो थांबला... आणि दूध उतू गेलं. आक्का आमच्या नात्याची ना गोत्याची. ती वरच्या वाडीची, आम्ही खालच्या वाडीचे, आणि या दोन वाड्यांची माणसं एकमेकांच्या दारात उभी राहत नसत असा तो काळ होता. पण दत्तू आज जगात आहे तो तिच्यामुळे. तिला जाऊन आता महिना होत आला. माझ्यानंतर हे नीट सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला आमच्या दोन वाड्या. साठच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात पाणी मागं हटायचं, गाळातून चालत पलीकडं जाता यायचं. तेव्हा बुडालेल्या जुन्या गावाचे चौथरे उघडे पडत आणि आजी बोट करून दाखवी, हितं आमचं घर हुतं, हितं जातं हुतं. मला ते बघायला आवडत नसे. पाऊस सुरू झाला की पाणी पुन्हा वर सरकायला लागे, रोज थोडं थोडं, काही आवाज न करता. श्रावणापर्यंत पायवाट बुडालेली असे. मग भोरचा दवाखाना, बाजार, एसटी, सगळं पाण्यापलीकडं आणि आम्ही अलीकडं. मधे एक होडी.

ती होडी दोन्ही वाड्यांनी मिळून केलेली. अर्थात मिळून केलेल्या वस्तूवरून भांडण व्हायचंच. एका वर्षी वरच्या वाडीने ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी नेली आणि परत आणायचं नाव नाही, आमची माणसं बाजाराच्या दिवशी काठावर ताटकळली. शिवीगाळ झाली, एकदोघांची डोकी फुटली. शेवटी जाणत्या माणसांनी बसून तोडगा काढला. होडी काठावरच्या जांभळीला साखळीने बांधायची, कुलूप लावायचं. किल्ली वरच्या वाडीकडं, वल्ही खालच्या वाडीकडं. एकाला दुसऱ्याशिवाय होडी हलवताच येऊ नये. सगळ्यांना तो न्याय फार पसंत पडला. पहिली एकदोन वर्षं काही बिघडलंही नाही, कारण दोन्हीकडं एकाच वेळी नड आली नाही. असल्या गोष्टी अशाच दबा धरून बसतात.

मी तेव्हा दहाएक वर्षांची. पोळ्याच्या आधीची दुपार होती, पण आभाळ असं भरलेलं की घरात चिमणी लावावी लागली. आई रात्रीपासून अडलेली. सुईण बाहेर येऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाली की मूल आडवं हाय, माझ्या हातातलं काम न्हाई, भोरला न्या. वल्ही आमच्याच घरी असत; आबांनी ती खुंटीवरून काढली, चौघांनी आईला घोंगडीच्या झोळीत घातलं, आणि चुलत्याला शेतातल्या वाटेनं वरच्या वाडीकडं पिटाळलं, किल्ली घेऊन ये म्हणून. कपड्यांचं बोचकं घेऊन मी मागं. आणि नेमकं त्याच वेळी वरच्या वाडीत आक्काच्या नवऱ्याला, ज्ञानूकाकांना, भातखाचरात पान लागलं होतं. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्यांचे थोरले भाऊ सखाराम यांनी आपल्या घरातली किल्ली घेऊन साखळी सोडली, काकांना होडीत आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि एकाला खालच्या वाडीकडं पळवलं, वल्ही आणायला. दोन्ही पळणारी माणसं रिकामी परत आली. वल्ही घरात न्हाईत. किल्ली घरात न्हाई. 

आम्ही काठावर पोचलो तेव्हा सखाराम होडीत बसलेले, साखळी मुठीत. आबा काठावर, दोन्ही वल्ही काखेत. सखाराम म्हणाले, वल्ही द्या, भावाला पोचवतो आन लगीच परत पाठवतो. आबा म्हणाले, तुम्ही उतरा, बायको पोचवतो आन लगीच परत पाठवतो. दोघंही खरंच बोलत होते. दोघांना एकदम न्यावं तर होडी एवढीशी, एक माणूस आडवं पडलं की दोघा वल्हवणाऱ्यांपुरतीच जागा, आणि त्या वाऱ्यात पाणी आत यायला कितीसा वेळ. भोई-कोळी कुणी नव्हतं आमच्यात, सगळे शेतकरी, पाण्याला भिणारे. मग बोलणं वाढलं. जुनं लग्न निघालं, फुटलेली डोकी निघाली. समोरचा मुद्दाम अडवतोय असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि आता सोडेल, मग सोडेल, म्हणून प्रत्येक जण थांबला होता. माझा स्वभाव काही सौम्य नाही, लोक मला तोंडाळ म्हणतात ते खरंच आहे, पण त्या काठावरच्या एकाही माणसाला मला आजवर नालायक म्हणता आलेलं नाही. नालायक असते तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा मिळाली असती. पाणी जांभळीच्या मुळांना लागलं होतं. झोळीतून आईचं कण्हणं येत होतं, आणि मग ते यायचं थांबलं.

तेवढ्यात आक्का आली. काकांवर पांघरायला घोंगडी आणायला ती घरी परत गेली होती. विशी ओलांडलेली, पोरबाळ नसलेली, थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडलेली बाई. डोक्यावरचा पदर भिजून चिकटलेला. ती रडत नव्हती. तिने होडीकडं पाहिलं, वल्ह्यांकडं पाहिलं.

"भावजी, तुमी कशासाठी थांबलाय?"

"वल्ह्यांसाठी."

"आन दादा, तुमी?"

"होडीसाठी," आबा म्हणाले.

"म्हंजे आज हितनं कुनीच जाणार न्हाई," ती म्हणाली. मग पाण्यात शिरली. "भावजी, ह्यास्नी खाली घ्या."

सखाराम हलले नाहीत. त्यांना ते कळलंच नसावं. तिने स्वतः काकांच्या पाठीखाली हात घातला. तेव्हा दुसऱ्या एकाने पाय धरले आणि काकांना उचलून काठावर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांवर झापड आलेली, जीभ जड झालेली, पण ते तिच्याकडं बघत होते. त्यांना सगळं समजत होतं असं मला वाटतं... आणि तेच मला इतक्या वर्षांनीही सोसत नाही. सखाराम साखळी सोडून खाली उतरले, आणि आईला होडीत घेतलं. आक्का आबांना एवढंच म्हणाली, "जावा. पर नाव लगोलग पाठवा."

बोचकं माझ्याच हातात राहिलं आणि मी अलीकडच्या काठावर. आक्काने काकांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांना घोंगडी पांघरवली आणि पाण्याकडं तोंड करून बसली. मी तिच्या शेजारी. होडी खरंच लगोलग आली, वल्हवणाऱ्याच्या हाताची सालटी निघाली होती. ती काठाला लागायच्या आत आक्काने हात वर करून त्याला नुसतंच खुणावलं, राहू दे.

पलीकडं बैलगाडी मिळाली, पुढं एक जीप मिळाली, आई वाचली. भोरच्या दवाखान्यात दत्तू झाला. आणि वरच्या वाडीत आक्काला नाव पडलं, जित्या नवऱ्याला हातानं खाली उतरवणारी. बायका तिच्याबरोबर पाणवठ्यावर जाईनात. आबा एकदा तिच्या दारात गेले, पायरीवर डोकं टेकून रडले, आणि परत आले. आमच्या घरात त्यानंतर वर्षभर कुणी मोठ्याने हसलं नाही. दत्तूचं बारसंसुद्धा चोरून केल्यासारखं झालं.

सुतक फिटल्यावर दोन्ही वाड्या मारुतीच्या पारावर बसल्या. किल्ली आणि वल्ही एकाच घरात ठेवा असं कुणीतरी सुचवलं, तर आपापली वस्तू द्यायला कुणी तयार होईना. एवढं होऊनही! तेव्हा आक्का बायकांच्या घोळक्यातून उठली आणि म्हणाली, वस्तू ऱ्हाऊ द्यात जिथल्या तिथं, पर घ्यायची रीत एकच ठेवा. आधी वल्ही, मग साखळी. वरच्यानं असो वा खालच्यानं, पयल्यांदा खालच्या वाडीच्या खुंटीकडं जायाचं. खुंटी मोकळी दिसली तर समजायचं की कुणाची तरी नड आपल्याआधीची हाय, मग साखळीला हातसुदिक लावायचा न्हाई. आणि काम झालं की दोन्ही वस्तू त्याच पावली जागेवर. किल्लीला सखाराम पुन्हा शिवले नाहीत, म्हणून ती आक्काच्या दाराशी खुंटीला लागली. पूल होईपर्यंत बरीच वर्षं गेली, त्यात एकदोनदा दोन्हीकडं एकदम आजारपण आलं. लोक घाबरत, एकमेकांची तोंडं बघत. पण होडी पुन्हा काठावर अडकली नाही. तरी दर पावसाळ्यात तिन्हीसांजेला आक्का जांभळीखाली जाऊन बसायची, पाणी कुठवर आलंय ते बघत.

मी शिकायला भोरला मामांकडं गेले, तिथून पुण्याला, आणि पुढं संगणकाच्या कामात पडले. डेटाबेस सांभाळणं हे माझं काम, म्हणजे हजारो खात्यांची माहिती जिथं राहते ती जागा. एकदा आमच्याकडं एक काम चालता चालता थिजायला लागलं. पोरं म्हणत, मॅडम, मशीन स्लो आहे, नवीन घ्यायला हवं. मी म्हटलं, मशीनचं सोडा, आधी मला सांगा, कोण काय धरून बसलंय आणि कशासाठी थांबलंय? शोधल्यावर दिसलं ते असं. एक प्रोग्राम पहिलं खातं कुलूपबंद करून दुसऱ्या खात्यासाठी थांबलेला, आणि दुसरा प्रोग्राम ते दुसरं खातं धरून पहिल्यासाठी थांबलेला. दोघांचंही काम योग्य, दोघंही जन्मभर थांबले असते. याला डेडलॉक म्हणतात. आम्ही नियम केला की खाती कुणीही घ्या, लहान नंबराचं आधी, मोठ्या नंबराचं मग, आणि काम उरकलं की ताबडतोब सोडा. पोरांनी विचारलं, मॅडम, तुम्हाला इतकं पटकन कसं सुचलं? मी खेकसून त्यांना कामाला लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्या वर्षी गावी गेल्यावर मी आक्काला हे सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मी सांगितलं की काही नव्या ठिकाणी असं अडकलं की मशीन स्वतःच ओळखतं, आणि दोघांपैकी एकाला उतरवतं. ज्याचं कमी काम झालंय, ज्याला उतरवल्याने कमी नुकसान होईल, त्याला. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. आक्का, तू आबांना वल्ही द्यायला का नाही सांगितलंस? तिने मान वर केली नाही.

"तुज्या बापाला सांगितलं असतं तर त्यानं इचार केला असता. तेवढा येळ कुठं हुता? माज्या हातात माजंच हुतं, म्हून ते सोडलं."

मग तिने विचारलं, "त्या मशिनीत ज्याला उतरवत्यात, त्याला परत नाव मिळती का गं?"

मिळते, मी म्हटलं. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू देतात.

"बरं हाय त्येचं," आक्का म्हणाली, आणि शेंगा निवडत राहिली.

दहाव्याला दत्तू आणि मी गेलो. दत्तूला आता नातवंडं आहेत. पुलावरून गाडी थेट वरच्या वाडीत जाते, खाली पाणी तसंच, काळं आणि गप्प. जांभूळ नाही, होडी कधीच कुजून गेली. आक्काच्या घराला आता सखारामांचा नातू अमोल कुलूप लावणार होता. दाराशी खुंटीला होडीची ती किल्ली होती, गंजलेली, दोऱ्यात ओवलेली. अमोल भला मुलगा. तो म्हणाला, "काका, ही तुमीच घेऊन जावा, आमाला काय करायची?" आणि काढायला त्याने हात वर केला.

"थांब," दत्तू म्हणाला. "अजून न्हाई."

तो उन्हात एकटाच खालच्या वाडीकडं चालत गेला. मला वाटलं, जिवाला लागलं असेल, जरा लांब जाऊन बसेल. बऱ्याच वेळाने तो चढ चढून येताना दिसला, धापा टाकत. आमच्या घराच्या माळ्यावरची दोन्ही वल्ही त्याच्या काखेत होती. त्याने ती आक्काच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकवून ठेवली, हात पुसले, आणि मग किल्लीला हात लावला.